करंज्यात पुरलेला ठोकळा

पनवेल कोळीवाडा
११ मार्च २०१८

ताई,

माझं सगळं बदललं ते काल दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी. वेळ पक्की सांगतो, कारण लॅबच्या काउंटरमागे घड्याळ होतं आणि घड्याळाखाली पूर्वी उभी होती.

हो, तीच. कॉलेजात माझ्या पुढच्या बाकावर बसायची ती. दुसऱ्या वर्षाच्या मध्यावर ती लॅब टेक्निशियनच्या कोर्सला गेली आणि पंधरा दिवसांत मीही कॉलेज सोडलं. तुम्हाला सांगितलं की सरांशी भांडण झालं. झालंच होतं, पण ते मी उकरून काढलेलं. मग दीड वर्ष बर्फाच्या टेम्पोवर चढउतार करतोय आणि ती पनवेलातच, आपल्या घरापासून दहा मिनिटांवर!

खाली मान घालून म्हणाली, "रंभा कोळी यांचे कोण तुम्ही?"

"मुलगा."

मग वर बघितलं. "अरे, तू?" आणि माझ्या तळहातावर आईचा ठोकळा ठेवला. काडेपेटीहून लहान, प्लॅस्टिकची चौकट, आत पांढरं मेण आणि मेणात मसुराएवढा तपकिरी तुकडा. आईच्या ऑपरेशनमध्ये गर्भाची पिशवी काढली, त्यातला. मी विचारलं, "ही आई?" ती म्हणाली, "आई नाही, आईचा त्रास. उन्हात ठेवू नकोस, मेण वितळेल."

आता कामाचं. डॉक्टर वसुंधराबाई म्हणाल्या, गाठ लहानच होती, पण गाठ दिसते तशीच वागेल असं नसतं. आता गाठीतल्या जीन्सच्या खुणा तपासता येतात. त्यावरून कळतं की ती शांत जातीची आहे की चवताळणारी, आणि रेडिएशन द्यायचं की नाही. दुसरं असं कळतं की हा आजार आईपुरता आहे की रक्तातून आलेला. त्यांनी आजीचं, म्हणजे आईच्या आईचं, विचारलं. मी म्हटलं, शेहेचाळीसाव्या वर्षी आतड्याच्या गाठीने गेली. त्या पेन खाली ठेवून म्हणाल्या, "मुलगी आहे का यांना?" म्हटलं, आहे, एकतीसची. "मग रक्तातला निघाला तर पहिली तपासायची ती."

मुंबईच्या लॅबने १९ तारीख दिली आहे, पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी. तोवर ठोकळा स्टीलच्या डब्यात, डबा फळीवर.

फोन करत नाही. मागच्या वेळी तुझ्या सासूबाईंनी स्पीकर लावायला लावला आणि मी जे बोललो ते तुला चार दिवस ऐकावं लागलं. म्हणून पत्र, तेही अंगणवाडीच्या पत्त्यावर.

प्रणित


भरडखोल
१५ मार्च २०१८

चि. प्रणित,

पत्र मिळालं. पोस्टमन म्हणाला, "बाई, सरकारी नाय वाटत." मी म्हटलं, भाऊ आहे, सरकारपेक्षा जास्त डोकं खातो.

मुलगी गेली म्हणून कॉलेज सोडणारा तू पहिलाच असशील. बाबा असते तर वल्हं घेऊन धावले असते. आता भेटली आहे तर नीट बोल. तुझं नीट म्हणजे काय ते मला माहीत आहे, म्हणून सांगते.

आजीचं डॉक्टरांना सांगायची काय गरज होती? जुनी माणसं कशाने ना कशाने जायचीच. आणि मुलीचं वय विचारलं तर सांगून मोकळा झालास! इथे कोणाच्या कानावर जाता कामा नये. भामाबाईंच्या, म्हणजे माझ्या सासूबाईंच्या मावसजावेला कॅन्सर निघाला तेव्हा तिच्या मुलीचं ठरलेलं लग्न मोडलं. माझी प्रांजल आठ वर्षांची आहे. दहा वर्षांनीही लोकांना आठवतं.

मला काही झालेलं नाही. अंगणवाडीत पस्तीस पोरं, घरी सगळ्यांचं करायचं, थकायला होतं इतकंच.

आईला जप. तिच्यावर ओरडू नकोस.

तुझी ताई


पनवेल
१९ मार्च २०१८

ताई,

ठोकळा गेला.

सकाळी डबा उघडला तर रिकामा. फळी उपसली, पेट्या उलट्या केल्या. आई पाटीवर पाणी मारत होती, मासळी बाजारात निघायची घाई. ऑपरेशनला महिना झाला नाही आणि पाटी उचलते. माझं ऐकते कुठे?

"काय शोधतस?"

"डब्यातलं कुठाय?"

"ठेवलं."

"कुठे?"

"जिथं ठेवायचं तिथं."

मग मी ओरडलो. तू ओरडू नको म्हणालीस, पण तुझं पत्र तेव्हा खिशात होतं, कानात नव्हतं. आई जराही हलली नाही. म्हणाली, "तूच बोललास ना, तुज्या पिशवीचा तुकडा हाय म्हनून? जिच्यात तुमी दोगं नऊ-नऊ म्हयने राह्यलात ती काय डब्यात ठेवायची? बाकीची दवाखान्यात कुठं टाकली, मना कोनी इचारलं बी नाय. येवढा तुकडा हातात आला. तो मी जागेला लावला."

चूक माझीच. तिने विचारलं होतं डब्यात काय आहे, आणि मी शेंगा खात खात सांगून टाकलं होतं. तपासायला न्यायचाय हे सांगितलंच नाही.

तसाच लॅबमध्ये पळालो. एक माणूस पूर्वीवर खेकसत होता, रिपोर्टला उशीर का म्हणून. मी त्याची कॉलर धरली. पूर्वी त्याच्यावर नाही, माझ्यावर भडकली. "मला वाचवायला आलास की कामाला आलास?" काम सांगितलं तर तिचं तोंड उतरलं. म्हणाली, बाकीचे ठोकळे लॅबमध्ये आहेत, पण गाठ इतकी छोटी होती की सगळी त्या एकाच ठोकळ्यात आली. तिने तो माझ्या सहीवर दिलाय.

"मग आता?"

"आता शोध."

आई कुठे ठेवेल गं? तू मोठी, तुला तिच्या डोक्यातलं कळतं. लगेच लिही.

प्रणित


भरडखोल
२४ मार्च २०१८

चि. प्रणित,

मला काही कल्पना नाही. समुद्रात सोडला असेल. आपल्यात जे जड होतं ते समुद्रालाच देतात.

आणि नाही मिळाला तर नाही. गाठ निघाली, आई पाटी उचलते आहे, आणखी काय हवं? देवाने झाकलेलं उघडू नये. तपासण्यांना शेवट नसतो. एक काढली की चार निघतात.

पूर्वीला माझा नमस्कार सांग. माणसांच्या कॉलरी धरणं बंद कर.

ताई


पनवेल
३० मार्च २०१८

ताई,

काल मी आईच्या पाया पडलो. खोटं नाही, बाजारात, तिच्या पाटीसमोर, लोक बघत असताना. म्हटलं, आई, तो तुकडा नसेल तर डॉक्टर अंधारात तीर मारणार. वसुंधराबाई मला परवाच म्हणाल्या, "अंदाजाने रेडिएशन देऊ? की अंदाजाने नको देऊ? तूच सांग."

आईने बोंबलाचे वाटे लावत लावत मान वर न करता सांगितलं, "मी नाय सांगनार. सांगितला तं तू उकरशील. दिपाला ठाव हाय जागा."

दिपाला ठाव हाय!

तू मला लिहिलंस, कल्पना नाही. समुद्र म्हणालीस. देव मध्ये आणलास. आईला वाचता येत नाही, तिला ठोकळ्याचं काय ते कळलं नाही, तिचं मी समजू शकतो. तू बारावी झालीस. गावातल्या बायकांना लोहाच्या गोळ्या वाटतेस. ती तुझीही आई आहे ना?

यापुढे मी तुला आईचं काही कळवणार नाही. जागा लिहायची असेल तर लिही, नाहीतर लिहू नकोस.

प्रणित


भरडखोल
४ एप्रिल २०१८

प्रणित,

करंज्याला, आजीच्या घरामागे. न्हाणीचं पाणी जिथून बाहेर पडतं तिथे रानभेंडीचं मोठं झाड आहे, त्याच्या मुळाशी सपाट दगड. आपण दोघे त्याच घरात जन्मलो. आपली नाळ-वार तिथे पुरलेली आहे, माझी डावीकडे, तुझी उजवीकडे. प्रांजल झाली तेव्हा आईने मला नेऊन दाखवलं होतं. म्हणाली होती, बाईच्या पोटातलं घराच्या मातीत जातं, उकिरड्यात नाही.

तुझं पहिलं पत्र वाचलं तेव्हाच माझ्या मनात आलं होतं की आई असंच काहीतरी करेल. मी खोटं लिहिलं. का, ते विचारू नकोस.

उकरताना आईला सांगून उकर.

दिपा


पनवेल
११ एप्रिल २०१८

ताई,

मिळाला.

सांगून उकर म्हणालीस, पण मला धीर नव्हता. पत्र वाचलं आणि तसाच उरणची गाडी पकडून करंज्याला गेलो. बंदरावर लिलाव चालू होता, काशिराममामा तिथेच होता. मला बघून म्हणाला, "भाचा आला! कॉलेजला सुट्टी हाय का?" दीड वर्ष झालं, अजून त्याला कोणी सांगितलेलं नाही. त्याच्याकडून पहार घेतली. कशाला विचारलं तर म्हटलं, उंदराचं बीळ.

दगड सरकवला. पहार लावणार, इतक्यात मागून आवाज आला, "पहार नको. फुटंल." आई. पाटी डोक्यावर, धापा टाकत. लिलावाला आली होती, मामाने सांगितलं तुझा पोरगा मागे उंदीर मारतोय, आणि तिला सगळं कळलं.

मला वाटलं आता गाव गोळा करणार. तिने पाटी उतरवली आणि दगडापाशी बसली. मग म्हणाली, "एक सांग. ह्यो नेला तं दिपाचा काय कलनार?"

म्हटलं, तिला धोका आहे की नाही ते कळेल. तुझ्यासारखं व्हायच्या आधी सावध होता येईल.

"हे तू मना आदी का नाय सांगितलास?"

खरंच, का नाही सांगितलं? मी ओरडलो, पाया पडलो, पेट्या उलट्या केल्या. सरळ वाक्यात सांगितलं नाही. तिला रेडिएशनचं सांगत बसलो. तिला स्वतःच्या रेडिएशनचं काय पडलंय?

तिने हातानेच माती काढली. वीतभर खाली, हळदकुंकवाच्या पुडीत, वर केळीचं पान गुंडाळलेलं. ठोकळा तिने पदराने पुसला आणि माझ्या हातात दिला. "काम झाला का परत आनून ठेव," एवढंच.

पूर्वीने तो भिंगाखाली धरला. मेणावर हळदीचा डाग, कोपरा थोडा चेपलेला, पण नंबर शाबूत. म्हणाली, "मेणाला मातीचं काही होत नाही. उन्हाळ्यात तुझ्या फळीवर राहिला असता तर कदाचित वितळला असता." मग हळूच, "आई भारी आहे तुझी." ताई, ती 'आई' म्हणाली ना, मला लॅबच्या पायऱ्या दिसेनात.

काल मुंबईला देऊन आलो. रिपोर्टला बारा दिवस.

मागच्या पत्रात जे लिहिलं ते रागात. पण खोटं का बोललीस ते मी विचारणारच.

प्रणित


भरडखोल
१६ एप्रिल २०१८

चि. प्रणित,

आई खाली बसली आणि तिने हाताने माती काढली, हे वाचून मी अंगणवाडीच्या मोरीत जाऊन रडले. पोरं दार वाजवत होती.

रिपोर्ट आला की मला फक्त आईचं कळव. बाकीचं कळवू नकोस. एवढं माझं ऐक.

ताई


पनवेल
२७ एप्रिल २०१८

ताई,

आधी आईचं. गाठ चवताळणाऱ्या जातीची नाही. पी-त्रेपन्न नावाची एक खूण असते, ती बिघडलेली असली तर गाठ छोटी असूनही दगा देते. आईची ठीक आहे. रेडिएशन नको, दर तीन-चार महिन्यांनी दाखवायचं. मी वसुंधराबाईंच्या केबिनमध्येच शिट्टी मारली. बाहेरच्या बायका आत डोकावल्या.

आता बाकीचं. नको म्हणालीस, मी लिहितोय. पत्र इथे फाडायचं असेल तर फाड.

फाडलं नाहीस ना? ऐक. पूर्वीने मला लॅबमागच्या चहाच्या टपरीवर समजावलं, मी तुला आपल्या भाषेत सांगतो. जाळं रोज समुद्रात जातं, रोज कुठेतरी तुटतं, आणि संध्याकाळी चारजण बसून ते सांधतात. शरीरात पेशी सारख्या नव्या तयार होतात, तेव्हा त्यांच्या जीन्सची नक्कल करताना चुका होतात. त्या सांधणारी मुख्य चार प्रथिनं आहेत. आईच्या गाठीत त्यातली दोन जागेवरच नव्हती, एमएसएच-टू आणि एमएसएच-सिक्स. म्हणून भोकं राहत गेली आणि मोठी झाली. ही दोन अशी जोडीने गायब असली की बहुतेक वेळा ते जन्मापासूनचं असतं, आईबापाकडून आलेलं. म्हणजे आजीकडून. आजीचं आतडं, आईची पिशवी, जाळं एकच.

आईचं रक्त दिलंय, पक्कं कळायला. तसंच निघालं तर आपल्या दोघांनाही ते असायची शक्यता निम्मी-निम्मी. प्रत्येकाची चिठ्ठी वेगळी. तुला निघालं म्हणून मी सुटलो असं नाही. असलं म्हणजे कॅन्सर झालाच असंही नाही. पण नजर ठेवावी लागते. आतड्याची दुर्बीण, आणि बायकांना पिशवीची तपासणी. वसुंधराबाईंचे शब्द जसेच्या तसे: "तिला अवेळी एक थेंब जरी रक्त गेलं तरी दुसऱ्या दिवशी माझ्याकडे आण."

तुला तसं काही नाही ना?

प्रणित


भरडखोल
६ मे २०१८

प्रणित,

आईचं वाचून देवापुढे साखर ठेवली.

बाकीचं तू लिहिलंस, मी वाचलं, पत्र चुलीत घातलं. आता माझं ऐक. तुझ्यासाठी हे टपरीवरचं ज्ञान आहे. चहा पिता पिता पूर्वी जाळ्याच्या गोष्टी सांगते आणि तुला आजारही गोड लागतो. मला इथे नांदायचं आहे. रक्तात दोष आहे असं एकदा कळलं की भामाबाई आधी प्रांजलला माझ्या ताटातलं खाऊ देणार नाहीत, मग म्हणतील, आम्हाला फसवून पोरगी दिली. सुभाष नवरा म्हणून वाईट नाहीत, पण त्यांच्या आईपुढे ते बोलतात कधी?

आणि तुला काय रे, पुरुषाला? पिशवी नाही, पाळी नाही, सासर नाही. तपास, तपास म्हणणं सोपं. आधी स्वतःचं रक्त दे. निघालं तर जाऊन पूर्वीच्या बापाला सांग. मग मला शिकव.

मला काही झालेलं नाही.

ताई


पनवेल
२० जून २०१८

ताई,

दीड महिना लिहिलं नाही. रागाने नाही. तू लिहिलेलं खरं होतं.

आईच्या रक्तात तेच निघालं. आज मी माझं दिलं. तीन-चार आठवडे लागतील.

"मला काही झालेलं नाही" हे वाक्य तू दोन पत्रांत दोनदा लिहिलंस. मी विचारायच्या आधीसुद्धा एकदा. कोणी न विचारता कोण असं लिहितं?

प्रणित


भरडखोल
१० जुलै २०१८

प्रणित,

फेब्रुवारीपासून.

आईचं ऑपरेशन झालं त्याच आठवड्यात सुरू झालं. मधल्या दिवसांत अंगावरून जातं, कधी पंधरा-पंधरा दिवस थांबत नाही. मी समजले धसक्याने असेल. मग तुझं पहिलं पत्र आलं, मुलीचं वय विचारलं म्हणून. ते वाचलं तेव्हाही माझ्या अंगावर होतं. म्हणून मला तो ठोकळा सापडायला नको होता. आईचं नुकसान होईल हे मला कळत होतं आणि तरी मी समुद्र लिहिलं. हे मी कोणालाही कधी सांगू शकणार नाही, तुला सांगितलं.

सध्या मासेमारीची बंदी, सुभाष घरीच. दिवसभर ओटीवर जाळी सांधत बसतात. मी त्यांच्याकडे बघते आणि तू लिहिलेलं आठवतं. काल त्यांनी विचारलं, "एवढी पांढरी का पडलीस?" मी म्हटलं, उकाडा. जुलैत!

मला भीती कॅन्सरची नाही असं नाही. पण त्याआधी ओटीवरून उठून "मी डॉक्टरकडे जाते" हे वाक्य म्हणायची आहे. ते वाक्य म्हटलं की पुढचं सगळं सांगावं लागेल.

तू येऊ नकोस. तू भांडशील, भामाबाई गाव गोळा करतील, आणि मला त्या घरात पाऊल ठेवायला जागा राहणार नाही. आलासच तर तोंड बंद ठेवून ये.

दिपा


पनवेल
१४ जुलै २०१८

ताई,

तोंड बंद ठेवून येतोय. म्हणून हे लिहितोय. पोस्टात टाकणार नाही, तुझ्या हातात देईन. मला भामाबाईंसमोर धड बोलता येणार नाही हे तुलाही माहीत आहे आणि मलाही. तेव्हा तू वाचेपर्यंत मी ओटीच्या पायरीवर बसेन आणि कोणी काय बोललं तरी "हो" किंवा "पाणी द्या" याशिवाय काही बोलणार नाही.

काल माझा रिपोर्ट आला. मला आहे.

पायऱ्यांवर उभा राहून वाचलं. पहिल्यांदा राग आला, नेहमीसारखा, पण कोणाची कॉलर धरू? आजीची? ती शेहेचाळीसाव्या वर्षी काही न कळता गेली. मला एकविसाव्या वर्षी कळलंय. थोड्या वर्षांनी आतड्याची दुर्बीण सुरू करायची आणि मग सोडायची नाही. तेवढंच. तुला पिशवी नाही, पाळी नाही असं म्हणालीस, पण चिठ्ठी मलाही लागली. तेव्हा मी शिकवत नाहीये, ताई. मी तुझ्याच रांगेत उभा आहे.

पूर्वीला सांगितलं. तिच्या बापाला नाही, आधी तिला. म्हटलं, पोरांनाही येऊ शकतं, निम्मी शक्यता. ती म्हणाली, "कोणाची पोरं? तू मला अजून काही विचारलंच नाहीस." मग मी विचारलं. असं विचारायचं नसतं हे कळतं, रिपोर्ट हातात घेऊन. ती बराच वेळ काउंटरवरच्या नळ्या सरळ करत राहिली. "मला वेळ लागेल," म्हणाली, "आजाराचा नाही, तुझ्या डोक्याचा विचार करायला." हसली नाही. मी निघालो तेव्हा तिने मागून हाक मारून मला तारीख लिहून दिली, माझ्या तपासणीची नव्हे, तुझ्या. सोमवारी अकरा वाजता, वसुंधराबाईंकडे. तिने स्वतः फोन करून घेतली. मी तिला तुझं नाव सांगितलं नव्हतं, फक्त "माझ्या बहिणीला तपासायचंय" म्हटलं होतं.

सोमवारी काय होईल ते लिहितो. पिशवीच्या आतला छोटा तुकडा काढतील. दुखतं, पण त्याच दिवशी घरी. काही नसेल तर नसेल. नुसती जाडी वाढलेली असेल तर तिथेच थांबवायचे उपाय आहेत. त्याहून पुढचं असेल तरी आता कळलेलं आणि वर्षाने कळलेलं यात किती फरक ते मी आईकडे बघून रोज शिकतोय. तिने काल सांगितलं. ऑपरेशनआधी ती सात महिने रक्त जाणं पदराखाली लपवत होती, बाजारात दोन-दोन लुगडी घेऊन जायची. तुला निरोप दिलाय तिने, जसाच्या तसा: "माजा झाला ता झाला. तू नको लपवू. माजी आन हाय, उठ."

समुद्र लिहिलंस त्याबद्दल तिला मी सांगितलेलं नाही. सांगणारही नाही. माझ्यापुरतं ते संपलं.

ओटीवरून उठून म्हणायचं वाक्य तुझं आहे, ते मी म्हणणार नाही. पुढचं सगळं सांगायचं की नाही, कोणाला किती, तेही तुझं. "पनवेलला आईकडे चालले" एवढंच म्हटलंस तरी मला चालेल. काहीच म्हटलं नाहीस तर मी बसून राहीन. भावजी जाळं सांधत असतील तर मीही एक कोपरा घेईन, हात तरी गुंतलेले राहतील. उद्याची गाडी, परवाची पहाटेची गाडी, दोन्ही सोमवारी अकराच्या आधी पोचतात.

दीडची श्रीवर्धन एसटी आहे, तिथून पुढे भरडखोल. आई बाजारातून यायची आहे, तिचा भात झाकून ठेवलाय. खिशात तारखेचा कागद, माझा रिपोर्ट आणि हे. एवढं लांब पत्र मी कधी लिहिलं नाही आणि इतका वेळ गप्प बसायची तयारी कधी केली नाही.

शेवटची ओळ बाहेर येऊन, भिंतीला कागद टेकवून लिहितोय: दार ओढून घेतलं, निघालो.

प्रणित